समभाग घेतला म्हणजे कंपनीतले नेमके काय आपले होते?

वारणाकाठ

नमस्कार. माझा प्रश्न येथील जाणकारांना बाळबोध वाटण्याची शक्यता आहे, तरीही विचारतो, कारण घरात त्याचे उत्तर देणारे कोणी उरलेले नाही.

आमचे अण्णा गेल्या वर्षी वारले. त्यांची लोखंडी ट्रंक आवरताना तीन गोष्टी हाती आल्या. पहिली, सहकारी साखर कारखान्याच्या भागाचा दाखला, ज्याच्या जोरावर आमच्याकडे दर दिवाळीला सवलतीची साखर येते. दुसरी, डीमॅट खात्याचे विवरण, ज्यात तीन कंपन्यांचे मिळून ३४० शेअर आहेत. तिसरी, दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एका जुन्या कंपनीचा छापील दाखला. त्यावर फोलिओ क्रमांक, ५० समभाग, दर्शनी किंमत प्रत्येकी १० रुपये असा मजकूर असून खाली दोन संचालकांच्या सह्या आणि कंपनीचा उठावाचा शिक्का आहे.

अण्णा शाळामास्तर होते. एसटीने पुण्याला जाताना या जुन्या कंपनीचे फाटक दिसले की ते मला कोपराने ढोसून म्हणायचे, "बघ, ही आपली कंपनी." मी हसायचो. आता वारस म्हणून ते शेअर माझ्या नावावर होत आहेत आणि हसणे थांबले आहे. गेल्या महिन्यात डीमॅटमधल्या एका कंपनीकडून अण्णांच्याच ईमेलवर सुमारे तीनशे पानांचा वार्षिक अहवाल आणि सर्वसाधारण सभेची सूचना आली. त्यात लाभांश ९०० टक्के असे छापले आहे, प्रत्यक्षात मात्र एका शेअरमागे १८ रुपये मिळणार आहेत आणि तोच शेअर बाजारात ३,००० रुपयांच्या आसपास आहे. हे गणित मला उलगडत नाही.

मूळ शंका वेगळी आहे. अण्णा म्हणायचे त्या अर्थाने आपण खरोखर मालक असतो का? असलो तर कशाचे? कारखान्याचा भाग आणि कंपनीचा भाग यांत फरक काय? कोट्यवधी शेअर असलेल्या कंपनीत माझ्या शंभर-दीडशे मतांना काही अर्थ आहे का? आणि उद्या कंपनी बुडाली तर तिचे कर्ज वसूल करायला कोणी माझ्या दारात येणार का?

निवृत्त चिटणीस

अण्णांचे ते वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत सत्तर वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मी तीन दशकांहून अधिक काळ कंपन्यांच्या चिटणीस विभागात काढली आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा खटला आधी वाचायला देत असे.

मुंबईच्या बाचा गझदर या बाईंकडे चहाच्या दोन कंपन्यांचे शेअर होते आणि १९४९-५० या करआकारणी वर्षासाठी त्यांच्या उत्पन्नात या शेअरवरील २,७५० रुपयांचा लाभांश होता. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नापैकी ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न समजला जाऊन प्राप्तिकरातून वगळला जात असे आणि कर उरलेल्या ४० टक्क्यांवरच बसत असे. बाईंचे म्हणणे सरळ होते: मळ्यांच्या मालक कंपनीत आम्ही भागीदार, म्हणजे आमच्या हाती आलेल्या पैशांतलेही ६० टक्के शेतीचेच उत्पन्न, तेव्हा त्यावर कर नको. मुंबई उच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाकारले. न्यायालयाची भूमिका अशी की मळा कंपनीचा आहे आणि कंपनी ही भागधारकांपासून वेगळी अशी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. भागधारकाला कंपनीने लाभांश जाहीर केला तर आणि तेव्हा त्यात वाटा मिळण्याचा हक्क असतो, कंपनी गुंडाळली गेली तर देणी फेडून उरलेल्या मालमत्तेत वाटा मिळण्याचा हक्क असतो, पण कंपनी चालू असताना तिच्या चहाच्या एका पानावरही त्याची मालकी नसते. लाभांशाचा उगम त्या शेअरमध्ये, म्हणजे कंपनी आणि भागधारक यांच्यातील करारात आहे, जमिनीत नाही. भागीदारी पेढीचे तसे नसते, तिथे पेढीची मालमत्ता ती भागीदारांचीच, आणि हा फरक निकालात स्पष्ट केला आहे.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की आपण मालक आहात, परंतु कंपनीच्या मालमत्तेचे नव्हे तर त्या शेअरचे. आणि शेअर ही हक्कांची एक जुडी आहे. अण्णा त्या फाटकावर जाऊन "मी मालक, मला आत सोडा" म्हणाले असते तर पहारेकऱ्याने त्यांना अडवले असते आणि कायदा पहारेकऱ्याच्या बाजूने उभा राहिला असता. मात्र तेच अण्णा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात जाऊन सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त किंवा सभासदांची नोंदवही पाहायची आहे असे म्हणाले असते, तर ते त्यांना दाखवणे कंपनीला भाग होते. संचालक मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त मात्र मागता येत नाही. ही रेषा कुठे आखली आहे ते ध्यानात आले की बाकीचे बरेच काही आपोआप उलगडते.

लाभांशाचेच घ्या. नफा झाला म्हणून तो मागण्याचा हक्क कोणालाही नाही. अंतिम लाभांश किती द्यायचा याची शिफारस संचालक मंडळ करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा त्याला मंजुरी देते. सभा ती रक्कम कमी करू शकते, पण नेहमीच्या नियमावलीनुसार वाढवू शकत नाही. सभेत उठून "अध्यक्ष महाराज, या वर्षी आणखी पाच रुपये द्या" असे कळवळून सांगणारे भागधारक मी दर वर्षी पाहिले आहेत. अध्यक्ष हसून आभार मानतात आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारतात. परंतु एकदा लाभांश जाहीर झाला की चित्र पालटते. ते कंपनीचे आपल्याकडील देणे ठरते आणि ३० दिवसांच्या आत चुकते करावे लागते.

९०० टक्क्यांचा उलगडा सोपा आहे. लाभांशाची टक्केवारी दर्शनी किमतीवर सांगण्याची आपल्याकडे जुनी रूढी आहे. आपल्या त्या शेअरची दर्शनी किंमत २ रुपये असणार, म्हणून १८ रुपये म्हणजे ९०० टक्के. आपण ३,००० रुपये मोजून तो शेअर आज घेतलात तर आपल्यापुरता परतावा अवघा ०.६ टक्के पडतो. दर्शनी किंमत ही भागभांडवलाच्या हिशेबापुरती असते आणि शेअरच्या आजच्या मोलाशी तिचा संबंध राहिलेला नसतो. जाहिरातीत मोठी टक्केवारी दिसली की मी आधी दर्शनी किंमत शोधतो, आपणही तसेच करावे.

कर्जाबद्दल निश्चिंत असावे. शेअरची पूर्ण रक्कम भरलेली असेल तर कंपनी कितीही कोटींनी बुडाली तरी आपले नुकसान त्या शेअरच्या किमतीपुरतेच असते, घरादारावर आच येत नाही. अपवाद अंशतः भरलेल्या शेअरचा. रिलायन्स इंडस्ट्रीजने २०२० साली १,२५७ रुपयांना हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, दिले, तेव्हा अर्जासोबत फक्त ३१४ रुपये २५ पैसे घेतले आणि उरलेली रक्कम २०२१ मध्ये दोन हप्त्यांत मागितली. असे शेअर ज्याच्या नावावर असतात त्याच्यावर न भरलेल्या रकमेची जबाबदारी असते, त्याहून एक पैसाही अधिक नाही.

आणखी एक गैरसमज आपल्या प्रश्नात नाही, पण पुष्कळांच्या मनात असतो. बाजारातून शेअर घेताना आपण दिलेला पैसा कंपनीला जात नाही, तो शेअर विकणाऱ्याला मिळतो. कंपनीला पैसा मिळाला तो पहिल्या विक्रीच्या वेळी किंवा हक्कभागांच्या वेळी. त्यामुळे शेअरचा भाव पडला म्हणजे कंपनीच्या तिजोरीतून पैसे गेले असे होत नाही आणि भाव चढला म्हणजे तिजोरी भरली असेही होत नाही.

ऊसकरी

चिटणीस साहेबांनी कंपनीची बाजू नीट मांडली आहे, मी कारखान्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आमच्या घरातही दोन्ही प्रकारचे कागद एकाच ट्रंकेत आहेत.

सहकारी कारखान्यात सभासदाकडे एक भाग असो वा दहा, मत एकच. कंपनीत प्रत्येक समभागाला एक मत. या एका फरकातून सगळे राजकारण वेगळे होते. कारखान्याच्या निवडणुकीत उमेदवाराला गावोगाव फिरून माणसे जोडावी लागतात. कंपनीत ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक शेअर आहेत त्याला साधा ठराव मंजूर करून घेण्यासाठी कोणाच्याही ओसरीवर बसावे लागत नाही.

दुसरा फरक फायद्याच्या वाटेचा आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने लाभांशाला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, तीही दर्शनी किमतीवर. कारखाना कितीही भरभराटीला आला तरी त्या भागाची किंमत शेअर बाजारात फुगत नाही, कारण तो बाजारात विकलाच जात नाही. सभासदाला खरा लाभ उसाच्या दरातून आणि सवलतीच्या साखरेतून होतो. म्हणजे ऊस घालणाऱ्याचा फायदा, नुसता भाग धरून बसणाऱ्याचा नाही. कंपनीत उलटे आहे. आपण तिचा साबण वापरा किंवा न वापरा, शेअर धरून बसला असाल तर वाटा ठरलेला आणि वर मर्यादा नाही. अण्णा दोन्हींना "आपले" म्हणत असतील, पण कारखाना आपला होता तो ऊसकरी म्हणून आणि कंपनी आपली होती ती फक्त पैसा घातला म्हणून.

दोनदा पोळलेला

वरील दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, तरी त्यांत एक गोष्ट हळू आवाजात सांगितली गेली आहे, ती मी जरा मोठ्याने सांगतो. चिटणीस साहेब म्हणतात, "देणी फेडून उरलेल्या मालमत्तेत वाटा". हे "उरलेले" बहुतेक वेळा शून्य असते.

माझ्याकडे एका कंपनीचे १,२०० शेअर होते. नाव लिहीत नाही. ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की कंपनीकडे जमीन आहे, यंत्रे आहेत, काहीतरी हाती येईलच. दीड वर्षाने डीमॅट खात्यातली ती ओळ एका सकाळी नाहीशी झाली. ईमेल आले, त्यात कंपनी सावरण्याच्या मंजूर योजनेनुसार विद्यमान भागभांडवल रद्द करण्यात आले असल्याचे एका वाक्यात कळवले होते. मी ते वाक्य तीनदा वाचले, चहा गार झाला.

नंतर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता वाचली. कंपनीचे अवसायन झाले, म्हणजे ती गुंडाळली गेली, तर पैसे कोणाला कोणत्या क्रमाने द्यायचे हे तिच्या ५३ व्या कलमात दिले आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण असलेले धनको, मग इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, सरकारी देणी, उरलेली कर्जे, त्यानंतर अग्रहक्क भागधारक, आणि अगदी शेवटी समभागधारक. लग्नातल्या शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याला जे मिळते ते. कधी आचाऱ्याने हात सैल सोडलेला असतो आणि पोटभर जिलबी मिळते, पण पहिल्याच पंगतीला भात कमी पडला असेल तर शेवटची पंगत मांडलीच जात नाही.

खाजगी दुःखाऐवजी सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण हवे असेल तर दिवाण हाउसिंग या गृहकर्ज कंपनीचे घ्या. धनकोंचे मान्य दावे ८७ हजार कोटींच्या घरात होते आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली पिरामल समूहाची ती कंपनी घेण्याची योजना सुमारे ३४,२५० कोटींची होती. धनकोंनाच निम्म्याहून अधिक पाणी सोडावे लागले, तेव्हा समभागधारकांचे मूल्य शून्य धरले गेले आणि शेअर बाजारातून काढून टाकले गेले. व्यवहार थांबेपर्यंत लोक तो शेअर "स्वस्त मिळतोय" म्हणून विकत घेत होते. भाव पंधरा-वीस रुपयांवर आला की आपल्याला वाटते आता किती पडणार? शंभर टक्के पडू शकतो, हे त्याचे उत्तर आहे.

मताबद्दलही माझा भ्रम उरलेला नाही. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभारून चालवणाऱ्यांकडे, साठ टक्के असताना माझे दीडशे म्हणजे पंचगंगेच्या पुरात तांब्याभर पाणी.

निवृत्त चिटणीस

पंगतीचा क्रम बिनचूक आहे आणि मी तो अधिक ठळकपणे लिहायला हवा होता, हे मान्य. मताबद्दल मात्र मी असहमती नोंदवतो, कारण या बाबतीत सरसकट निराशा वस्तुस्थितीला धरून नाही.

साध्या ठरावाला निम्म्याहून अधिक मते पुरतात, परंतु विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट अनुकूल मते लागतात. त्यामुळे प्रवर्तकांकडे साठ टक्के असले तरी बाकीच्यांपैकी पुरेशा लोकांनी विरोध केला तर विशेष ठराव पडतो. २०१४ च्या जुलैमध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचे ठराव फेटाळले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आयशर मोटर्सचे व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या मोबदल्यासह फेरनियुक्तीचा विशेष ठराव आवश्यक ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही आणि कंपनीला मोबदल्याच्या अटी सौम्य करून पुन्हा भागधारकांपुढे यावे लागले. दोन्ही वेळी निर्णायक ठरल्या त्या म्युच्युअल फंड आणि इतर संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या मतांच्या थप्प्या, हे खरे. तरीही त्या मोजणीत दीडशे मतेही दीडशे म्हणूनच धरली जातात, आणि हल्ली त्यासाठी सभेच्या गावी जावे लागत नाही. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय द्यावीच लागते. ती किमान तीन दिवस खुली असते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होते. पूर्वी प्रतिनिधीचा अर्ज भरून पोस्टात टाकावा लागे आणि तो प्रतिनिधी सभेत बोलूही शकत नसे, त्या मानाने ही सोय मोठी आहे.

मताला किंमत असते याचा आणखी एक पुरावा बाजारातूनच मिळतो. टाटा मोटर्सने २००८ मध्ये एक वेगळ्या वर्गाचे समभाग काढले. त्यांना मताचा हक्क एकदशांश आणि लाभांश मात्र पाच टक्के अंकांनी अधिक होता. उत्पन्न जास्त असूनही तो शेअर वर्षानुवर्षे साध्या शेअरपेक्षा बराच स्वस्त मिळत राहिला. त्याची उलाढाल कमी होती हेही एक कारण आहे, पण मत गमावण्याची किंमत त्यात होतीच. २०२४ मध्ये तो वर्ग रद्द झाला तेव्हा अशा दहा शेअरच्या बदल्यात सात साधे शेअर देण्यात आले.

आणि मताखेरीज भागधारकाच्या हाती न्यायालयाचा दरवाजाही आहे. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा रुस्तम कूपर यांनी त्यांतील काही बँकांचे भागधारक म्हणून त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हानी बँकांची झाली, तुम्ही कोण, असा आक्षेप सरकारने घेतला. १९७० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कंपनीच्या हक्कांबरोबर भागधारकाच्या स्वतःच्या हक्कांवरही घाला पडत असेल तर केवळ तो भागधारक आहे म्हणून त्याला दाद नाकारता येणार नाही. गझदर निकालाने जी भिंत उभी केली तिला या निकालाने एक खिडकी ठेवली, असे मी समजतो.

बोरीकाठ

मी मूळचा अमळनेरचा. समभागांचा विषय निघाला की आमच्या गावाचे नाव निघतेच, म्हणून आधीच लिहून टाकतो.

विप्रो ही कंपनी १९४५ च्या डिसेंबर अखेरीस वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने स्थापन झाली आणि तिचा पहिला कारखाना अमळनेरचा, शेंगदाणा तेलापासून वनस्पती तूप काढणारा. त्या काळात गावातल्या पुष्कळांनी तिचे शेअर घेतले, आणि ज्यांच्या घरात ते तीन पिढ्या टिकले त्या घरांची कहाणी वर्तमानपत्रांतून वारंवार छापून आली आहे. त्या कहाणीतला उपयोगाचा भाग मला असा वाटतो की त्या लोकांच्या हाती तुपाच्या गिरणीतला वाटा नव्हता, कंपनीतला वाटा होता. गिरणीचाच वाटा असता तर गिरणीबरोबर संपला असता. कंपनीने १९८० च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले तेव्हा शेअर जुनाच राहिला, त्यामागचा धंदा मात्र बदलला. चिटणीस साहेबांचा गझदर खटला आमच्या गावाच्या बाजूने असा लागू पडतो. चहाच्या मळ्यावर हक्क नाही हे नुकसान वाटते, पण तोच हक्क एका मळ्याला बांधलेला नसल्यामुळे कंपनी जाईल तिकडे तोही जातो.

बोनस शेअरविषयी मात्र आमच्याकडेही गैरसमज आहेत. विप्रोने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. "फुकट दुप्पट झाले" असे म्हणत पेढे वाटणारे मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात कंपनी आपल्या गंगाजळीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात वळवते आणि तेवढे शेअर सर्वांना प्रमाणात देते. भाकरी तेवढीच, तिचे दोन ऐवजी चार तुकडे केले, म्हणून भावही त्याच प्रमाणात खाली येतो. श्रीमंती आली ती बोनसने नव्हे, कंपनीने वर्षानुवर्षे नफ्यातला मोठा भाग वाटून न टाकता धंद्यात घातला आणि तो धंदा फळला म्हणून. धंदा फळला नसता तर तीच राखून ठेवलेली रक्कम बुडाली असती, आणि तेव्हा "आमचा नफा आम्हाला का दिला नाही" असे विचारण्याची सोय नव्हती.

आमच्या गावाची गोष्ट सांगणारे एक सांगायचे विसरतात. त्याच पिढीतल्या लोकांनी मुंबईच्या गिरण्यांचे शेअरही घेतले होते. ते कागद ज्यांच्या घरात सापडले त्यांची बातमी कोणी छापत नाही.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाचून झाल्यावर दोन गोष्टी केल्या. डीमॅट खात्यातले शेअर काल माझ्या नावावर आले आणि ज्या कंपनीची सूचना आली होती तिच्या मतदानाच्या संकेतस्थळावर मी गेलो. मात्र मतदानासाठी ठरवलेल्या तारखेला शेअर अण्णांच्याच नावावर होते, म्हणून या वर्षी मला मत देता आले नाही. ठराव वाचून काढले. सात ठराव होते, त्यांतील पाचवा वाचताना कपाळाला आठी पडली, इतके सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या छापील दाखल्याचा शोध. कंपनी अजून चालू आहे. तिच्या संकेतस्थळावर लाभांश न घेतलेल्या भागधारकांची यादी आहे, तीत अण्णांचे नाव आणि आडनावाच्या एका अक्षराची चूक सापडली. ५० शेअरचे विभाजन होऊन २५० झाले, पुढे एकास एक बोनस मिळून ५०० झाले आणि ते सगळे केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेले आहेत असे दिसते. म्हणजे ते आमचे राहिलेच नाहीत का? शिवाय या जुन्या शेअरच्या नामनिर्देशनात आईचे नाव आहे, बहिणीचे नाही. तिचा हक्क जातो का?

निवृत्त चिटणीस

हक्क जात नाही, गोठतो. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही की तो लाभांश आणि ते शेअर दोन्ही त्या निधीकडे वर्ग होतात. निधीकडे असेपर्यंत त्या शेअरवर कोणालाही मत देता येत नाही. नंतर मिळालेले बोनस शेअर आणि लाभांशही तिथेच जमा होत राहतात आणि खऱ्या हक्कदाराने मागणी केली की परत मिळतात.

क्रम असा ठेवावा. आधी कंपनीच्या आरटीएकडे, म्हणजे तिच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, मृत्यूचा दाखला, मूळ भाग-दाखला आणि वारसाची कागदपत्रे देऊन आपला हक्क मान्य असल्याचे पत्र घ्यावे. आडनावातील अक्षराची चूक याच टप्प्यावर प्रतिज्ञापत्राने दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर पुढे तीच अडसर ठरते. त्यानंतर निधीच्या संकेतस्थळावर आयईपीएफ-५ हा अर्ज भरावा आणि त्याची छापील प्रत सहीसह कंपनीने या कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी. परत येणारे शेअर डीमॅट स्वरूपातच मिळतात, त्यासाठी अर्जदाराचे स्वतःचे खाते हवे. निधी या कामाचे शुल्क घेत नाही. यादीतली नावे पाहून फोन करणारे आणि एकूण रकमेतला वाटा मागणारे मध्यस्थ आता आपल्याला फोन करू लागतील, त्यांना मूळ दाखला देऊ नये.

नामनिर्देशनाविषयी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे. नामनिर्देशित व्यक्ती शेअर ताब्यात घेते, परंतु केवळ त्या नोंदीमुळे ती इतर वारसांना डावलून मालक होत नाही, वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच होते. आपल्या बहिणीचा वाटा डीमॅटमधल्या ३४० शेअरमध्येही आहे आणि या ५०० मध्येही. शेअर आईंच्या नावावर आणायचे की आणखी कोणाच्या, हे तिघांनी एकत्र बसून ठरवावे आणि इतरांचे ना-हरकत पत्र अर्जासोबत जोडावे.

मूळ दाखला टपालाने पाठवणार असाल तर त्याची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत आधी काढून ठेवावी. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या जुन्या नोंदी आणि शिक्के असतात, आणि नेमकी तीच बाजू लोक झेरॉक्स करायला विसरतात.